आडवी पडलेली मोटारसायकल

आमच्या घरामागच्या मैदानात सकाळी मोटारसायकल शिकवतात. नव्याने शिकणाऱ्या प्रत्येकाला तिथे पहिला धडा सक्तीचा आहे. आडवी पडलेली गाडी एकट्याने उचलायची. ते जमल्याशिवाय गाडीवर बसायला मिळत नाही.

परवा फिरताना मी तिथे थबकले. पन्नाशीच्या एक बाई गाडीशी झटत होत्या. त्यांचे यजमान कट्ट्यावर बसले होते. अर्धांगवायूने त्यांचा उजवा हात लुळा पडला होता. "आजवर ही माझ्या मागे बसायची," ते मला म्हणाले. "आता मला उपचारांना तालुक्याला तीच नेणार."

गाडी गुडघ्यापर्यंत यायची आणि निसटायची. यजमान न राहवून उठू लागले.

"तुम्ही बसा," बाई म्हणाल्या.

"ताई, हातांनी ओढू नका," शिकवणारे म्हणाले. "पाठ टेकवा आणि पायांनी रेटा."

बाईंनी पदर खोचला, सीटला पाठ लावली आणि एकेक पाऊल मागे रेटत गेल्या. गाडी उभी राहिली.

पडू नये म्हणून मला लहानपणापासून किती जणांनी जपलं, बजावलं. पडल्यावर अंगातलं बळ नेमकं कुठून लावायचं, हे मात्र कुणी शिकवलं नाही. तेही शिकता येतं, हे मी त्या मैदानात पाहत होते.

"झालं, बसा आता गाडीवर," शिकवणारे म्हणाले.

बाई धापा टाकत होत्या. "आधी दुसऱ्या बाजूला पाडा," त्या म्हणाल्या. "रस्त्यावर ही कुठल्या बाजूला पडेल, ते थोडंच माझ्या हातात आहे?"