डांबराचा मांडव

माथेरानहून खिडकीच्या जुन्या झडपा डोक्यावर घेऊन मी चौकच्या बाजूची पायवाट उतरत होतो, तेव्हा कड्यावरच्या वाऱ्याने मला झडपांसकट उचललं आणि प्रबळगडाला वळसा घालून परत त्याच वाटेवर आणून ठेवलं, असं मी गावात सांगत असे. ऐकणारे मान डोलवत. खरं एवढंच की एका वळणावर वारा झडपांत शिरला, मी घाबरून खाली बसलो आणि बसल्या बसल्या घसरत बराचसा डोंगर उतरलो. धोतराचा मागचा भाग डोंगराने ठेवून घेतला.

भाताची कामं आटोपली की मी माथेरानला जाई. बंगले उघडायचे, धूळ झाडायची, खिडक्यांना रंग मारायचा, पाहुण्यांच्या ट्रंका उचलायच्या. दुसऱ्या मोठ्या लढाईची वर्षं होती, पण हवा खायला येणारी माणसं काही कमी झाली नव्हती. त्यातल्या एका बंगल्याच्या खिडक्यांना आडव्या पातळ पट्ट्यांच्या लाकडी झडपा होत्या. मधली दांडी वर ढकलली की सगळ्या पट्ट्या एकदम उघडत, खाली ओढली की मिटत. बंगल्याच्या बाईंनी नव्या झडपा करून घेतल्या आणि जुन्या बंबात घालायला सांगितल्या. मी म्हटलं, बंबाला लाकूड मी रानातून आणतो, ह्या मला द्या. काय करणार, त्यांनी विचारलं. बंगला बांधतोय, मी म्हटलं. बाई पोट धरून हसल्या.

मला बंगला नको होता. माझी बायको घरात पडून होती.

कर्जतच्या डॉक्टरांनी तिची छाती पुढून मागून ठोकून बघितली होती आणि मला बाहेर नेऊन सांगितलं होतं, "औषधाने व्हायचं तेवढं होईल. पण त्या अंधारातून तिला बाहेर काढ. सकाळचं ऊन, दुपारी सावली, आणि सारखी हवा." आमच्या घराला खिडकी होती, पण मांजराला जाण्यायेण्यापुरती. चुलीचा धूर तर घराचा जुना भाडेकरू, आमच्या आधीपासून राहायला. म्हणून मी ठरवलं की अंगणात खांब रोवायचे आणि झडपा आडव्या टाकून त्यांचंच छप्पर करायचं. सकाळी दांडी ढकलली की ऊन आत, दुपारी ओढली की सावली. असं छप्पर कर्जतात नाही, खालापुरात नाही, असलंच तर विलायतेच्या राजाकडे एखादं असेल, असं मी बायकोला सांगितलं.

"राजाची बायको पन खोकते का वो?" ती म्हणाली.

खांब रोवले आणि तिथेच सगळं फिसकटलं. आमच्याकडे अंगणात नवा खांब उभा राहिला की घरातली मोठी बाई त्याला हळदकुंकू लावते. माझ्या आईने सवयीने लावलं. सवयीनेच आंब्याचा डहाळा बांधला आणि बुडाशी नारळ ठेवला. झालं. लग्नाचा मांडव अशीच मेढ रोवून सुरू होतो. गावाने लांबून बघितलं: अंगणात मेढ, मेढीला डहाळा, घरातली सून आजारी. गावाने हिशेब करून टाकला. तेव्हा एक बायको असताना दुसरी आणायला कुणाची आडकाठी नव्हती. उलट, बायको अंथरुणाला लागली आणि माणसाने दुसरी आणली नाही, तर ह्याच्यातच काही खोट आहे का, अशी कुजबूज होई.

पाण्याला जाणाऱ्या बाया कुंपणापाशी थांबून आईला विचारू लागल्या, "हळद कवा हाय वो काकू?" आई "अगो बया!" म्हणून तोंडात पदर कोंबायची आणि घरात पळायची. त्याने लोकांची खात्रीच पटायची.

मग कुंभिवलीहून एक गृहस्थ आला. त्याची पुतणी लग्नाची होती. आल्याआल्या त्याने खांब हलवून बघितले, वर नुकत्याच टाकलेल्या झडपांकडे नजर टाकली आणि ओट्यावर बैठक मारली.

"मांडव झ्याक हाय. घर खातंपितं दिसतं."

"काका, हा मांडव नाय."

"आसूंद्या. आमी पन कुठं बोलनार नाय. पोरगी भाताचं पोतं एकटी उचलते."

"आजारी मानसासाठी केलाय वो!"

"तेच म्हंतो मी," तो आवाज खाली करून म्हणाला, "आजारी मानूस किती दिस?"

त्याचा खालचा आवाजही खोपोलीपर्यंत जाण्यासारखा होता. मधे भिंत म्हणून नुसता कारवीचा कूड. पलीकडे बायकोचा खोकला एकाएकी थांबला. ती कान देऊन ऐकत होती.

त्याला मी कसाबसा वाटेला लावतो आहे तोवर सासरा आला. खोपोलीच्या पलीकडच्या त्याच्या गावापर्यंत बातमी पोचली होती आणि वाटेत फुगून अशी झाली होती, की लग्न कालच लागलं आणि जेवणावळीत बुंदी कमी पडली. हातातली काठी माझ्या टाळक्यावर धरून तो ओरडला, "माझी पोर जित्ती हाय रं अजून! तू मांडव घालतोस?"

"मामा, काठी खाली घ्या. ही दांडी ढकला. वर, वर ढकला."

त्याने दांडी ढकलली. पट्ट्या उघडल्या आणि त्याच्या तोंडावर उन्हाच्या रेघा पडल्या. त्याने ओढली, मिटल्या. परत ढकलली. काठी कधी खाली ठेवली ते त्यालाही कळलं नाही. कुंभिवलीकर निघता निघता परत फिरला आणि तोही दांडीला हात लावायला रांगेत उभा राहिला.

पण जिच्यासाठी हे सगळं, ती बाहेर यायला तयार होईना. मी खाट बाहेर काढायला गेलो तर तिने भिंतीकडे तोंड केलं.

"चल गं. बाहेर कशी झुळूक हाय बघ."

"कुनाच्या मांडवात मला निजवताय?"

"अगं, तुझाच हाय तो."

"माझा एकदा झाला. माज्यामागं शंभर करा, नाय कोन म्हनत? पन मी हाय तवर हळद लावलेल्या मेढीखाली मी निजनार नाय. येनारी-जानारी बघतील, हसतील. म्हनतील, नवरीची जागा राखत पडलीय."

मी डहाळा ओरबाडला, हळदकुंकू धुतलं, नारळ फोडून खाल्ला. काही उपयोग झाला नाही. गावाच्या डोक्यात मांडव बसला होता. मग मी म्हटलं, रंग देतो. असा रंग, की आंधळासुद्धा ह्याला लग्नाचा मांडव म्हणणार नाही. तसाही रंग द्यावाच लागणार होता. जुना रंग पोपडे धरून गळत होता आणि रंगाशिवाय ते लाकूड एका पावसात फुगलं असतं.

त्या रात्री जेवणावर रंगाची सभा भरली. माथेरानच्या उरलेल्या डब्यांतला हिरवा माझ्याजवळ होता. मी म्हटलं, हिरवा.

"चुडा हिरवा नसतो का रं मुडद्या?" आई म्हणाली.

पिवळा तर हळदच. तांबडा म्हणजे कुंकू. सासरा म्हणाला, भगवा लावा. आई म्हणाली, मग उद्या गोसावी येऊन बसतील आणि त्यांना जेवू कोण घालणार? कुंभिवलीकर जेवायला राहिला होताच. त्याने भाकरीचा तुकडा मोडत पांढरा सुचवला. पांढरं कापड कुणावर घालतात ते आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. "ऱ्हाऊंद्या," तोच म्हणाला आणि पाणी प्यायला. मी धुण्याच्या निळीचं काढलं, तर आई म्हणाली, एका सरीत सगळा रंग वाहून शेजाऱ्याच्या खाचरात जाईल आणि भात निळं निघेल. जगात इतके रंग आहेत आणि त्यातला एकही लग्नातून किंवा मरणातून सुटलेला नाही, हे मला त्या रात्री पहिल्यांदा समजलं.

तेवढ्यात कुडापलीकडून आवाज आला. "डांबर."

"काय?"

"डांबर लावा म्हनते. काळंकुट्ट. बघू कोन पोरगी देतो त्या मांडवात."

आई कपाळावर हात मारत "अशुभ, अशुभ" करत राहिली. कुंभिवलीकराचा घास हातातच राहिला. पण आत बायको हसत होती. खोकत खोकत हसत होती. कितीतरी महिन्यांत मी तो आवाज ऐकला नव्हता. त्या आवाजासाठी मी अख्ख्या माथेरानला डांबर फासलं असतं.

शिळफाट्याजवळ हमरस्त्याचं काम चालू होतं. मुकादमाला मी सांगितलं, पाताळगंगेत माझी होडी गळतेय. आमच्या बाजूला पाताळगंगेत होड्या कुठल्या, हे त्याने विचारलं नाही. डबाभर डांबर दिलं. घरी ते तापवून मी एकेक पट्टी फासली. अंगण काळं, मी काळा, शेजारचं पांढरं कोंबडं पुढे संक्रांतीपर्यंत काळं.

बाया कुंपणापाशी थांबेनाशा झाल्या. जाताना तोंड फिरवू लागल्या. आणि बायको बाहेर आली. मी तिला उचलून खाटेवर ठेवलं. उचलताना हाताला काहीच वजन लागलं नाही. तिने वर बघितलं आणि म्हणाली, "आत्ता कसं माझं घर दिसतंय."

त्या सकाळी तिने पेज मागून घेतली. मी तिला वाऱ्यावरून प्रबळगडाला घातलेला वळसा परत सांगितला, त्यात दोन घारी आणि एक गोरा साहेब वाढवून. ती म्हणाली, "साहेबाला कशाला उडवलंत? वजन पेलंल का वाऱ्याला?"

मग वैशाख आला. डांबर उन्हात पघळलं. पट्ट्या एकमेकींना आणि दांडीला अशा चिकटल्या, की अर्ध्या उघड्या त्या अर्ध्याच उघड्या राहिल्या. ढकलून उघडेनात, ओढून मिटेनात. सकाळचं ऊन कमी आलं आणि दुपारचं अंगावर. वरून काळा तवा तापलेला. उन्हाची पट्टी सरकली की मी खाट सरकवायचो, ती परत सरकली की परत. गोधडीवर डांबराचे थेंब पडायचे. मी कळशीने छपरावर पाणी ओतायचो, आणि आमच्या विहिरीला त्या दिवसांत माणसांपुरतंही पाणी नसायचं.

"खरवडून काढतो मी हे," मी म्हटलं. "कुठलातरी दुसरा रंग देऊ."

"रंग बदलला की पावने येतील."

"येऊंदे. मी हाकलतो ना."

"तुमी हाकलाल वो. पन ते बोलायचं ते बोलूनच जातात. मला ऐकाया लागतं." तिने माझा हात धरला. तिचा तळवा खापरासारखा तापला होता. "मी हाय तवर ऱ्हाऊंद्या."

मी राहू दिलं. घरात धूर, अंगणात तवा. ह्याच्यातून त्याच्यात, त्याच्यातून ह्याच्यात तिची खाट मी नेत होतो. डॉक्टर एकदा येऊन गेले. त्यांनी वर बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि सायकलवर बसले. त्या वेळी त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

पाऊस लागायच्या आधी ती घरात गेली ती परत बाहेर आली नाही. लावणी चालू असताना गेली. गाव चिखलातून वर आलं, तिला पोचवून परत चिखलात उतरलं.

दिवाळीनंतर सासरा आला. ह्या वेळी हातात काठी नव्हती. ओट्यावर बसला, आईने दिलेला चहा प्याला आणि जमिनीकडे बघत म्हणाला, "धाकटी हाय माझी. घरातलीच पोर. तिला तुमचं सगळं ठावं हाय."

माझ्याजवळ प्रत्येक गोष्टीला गोष्ट असायची. त्या दिवशी एकही नव्हती.

"मांडव उभाच हाय," तो म्हणाला. "हे काळं तेवढं काढाया पायजे. अशा मांडवात पोर कशी द्यावी?"

तो उठला, कंबरेचा कोयता काढला आणि एका पट्टीवरचं डांबर खरवडू लागला. ऑक्टोबरच्या उन्हाने ते पुन्हा मऊ झालं होतं. कोयत्याला चिकटत होतं, त्याच्या हाताला, बाहीला, डोळे पुसले तिथे गालाला चिकटत होतं. तो रडत होता आणि खरवडत होता. मी त्याला थांबवलं नाही, मदतही केली नाही. शेवटी बोटाएवढं लाकूड उघडं पडलं. तेवढंच. तो थकून खाली बसला.

"परत येतो," म्हणाला. हात धुवायला त्याने रॉकेल मागितलं. मी दिलं. डांबर काही निघालं नाही, तसाच काळ्या हातांनी गेला.

तो फाट्याकडे वळेपर्यंत मी बघत उभा राहिलो. मग डब्याच्या तळाशी राहिलेलं डांबर चुलीवर ठेवलं, पातळ केलं आणि त्याने उघडी केलेली जागा भरून टाकली.