ब्रेकची हवा काढताना

पेट्रोल वर्षानुवर्षे नळीत पडून राहिले की त्याची राळ होते. आमच्या जीपची इंधनाची नळी मी टाकीपासून सोडवली, तेव्हा तिच्या तोंडाला पेट्रोलचा नव्हे, जुन्या वार्निशचा वास होता. रसायनशास्त्र शिकलेल्या कुणालाही तो ओळखता येतो. उपायही ठरलेला आहे. नळी अ‍ॅसिटोनमध्ये भिजवायची, आतून तार फिरवायची, हवेच्या झोताने झाडायची आणि आभाळाकडे धरून एका डोळ्याने आरपार पाहायचे. पलीकडे उजेडाचा स्वच्छ गोल दिसला, की ती नळी झाली.

जीप बाबांची. जिंतूरला ते शाळेत विज्ञान शिकवत, तेव्हा चालवत. पुढे ती बंद पडली आणि घरामागच्या शेडमध्ये सोयाबीनच्या रिकाम्या पोत्यांखाली गेली. मी परभणीत राहून संशोधन करत होते. गावोगावच्या विहिरींचे पाणी तपासायचे होते आणि माझ्या बहुतेक विहिरी एसटीच्या वाटेवर नव्हत्या. मी जीप मागितली. बाबा म्हणाले, "चालती करून दाखव. खंडेनवमीला पूजा करू आन् चावी तुझी."

पावसाळा लागल्यावर मी काम हाती घेतले. दर रविवारी जिंतूर गाठायचे आणि जीपखाली शिरायचे. इंधनाच्या नळ्या झाल्यावर ब्रेकच्या घेतल्या. चुलतभाऊ शेडच्या दारात उभा राहून गंमत बघत असे.

"रॉकेल ओत आन् मोकळी हो. ट्रॅक्टरला आमी तेच करतोत."

"रॉकेलनं ब्रेकची रबरं फुगतात, दादा. इंजिनच्या तेलानंसुद्धा. याला स्पिरिटच लागतं."

"बाबा, तुमची लेक लय शिकली," तो म्हणाला. बाबाही त्याला बाबाच. आमच्याकडे थोरल्या काकांना तसेच म्हणतात.

शेवटचे काम ब्रेकच्या नळ्यांत अडकलेली हवा काढण्याचे. ते एकट्याने होत नाही. एकाने पेडल दाबून धरायचे, दुसऱ्याने चाकापाशी बसून तिथले हवा सोडायचे छोटे तोंड, म्हणजे निपल, उघडायचे, बुडबुड्यांसकट ब्रेकचे तेल येऊ द्यायचे आणि निपल पुन्हा आवळायचे. आवळण्याआधी वरच्याने पाय उचलला, तर हवा उलटी आत ओढली जाते आणि सगळी मेहनत वाया जाते. वर बाबा बसले.

"दाबा."

"दाबलं."

"धरा."

"धरलंय. तुझं होऊ दे निवांत."

"सोडा."

चारही चाके अशीच झाली. बाबांचा पाय एकदाही आधी उठला नाही. मी खालून निपलला जोडलेल्या सलाइनच्या पारदर्शक नळीतले बुडबुडे पाहत होते; हळूहळू ते विरळ झाले, मग थांबले. त्या दिवशी मला वाटले होते, की या कामाला कौशल्यापेक्षा भरवसाच जास्त लागतो.

खंडेनवमीला जीप धुतली, झेंडूचा हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवले. आमच्या घरी पूजेनंतर चावी देवापुढून उचलून वडीलधारे ज्याच्या हातात देतात, गाडी त्याची. त्याने ती वेशीपर्यंत नेऊन आणायची. मी हात पुसून पुढे झाले. बाबांनी चावी दादाच्या हातात दिली.

"बाबा, बोलणं काय झालं होतं?"

"मागून बोलू."

"आत्ताच बोला."

"तू आज हायस, उद्या सासरी जाशील. घरची गाडी घरात राहिली पाहिजे. त्याला मी उन्हाळ्यातच शब्द दिला होता."

उन्हाळ्यात. म्हणजे मी पहिली नळी सोडवण्याच्या आधी. माझे सगळे रविवार त्या शब्दानंतरचे होते. पेडलवर बाबांचा पाय होता, तेव्हाही तो शब्द दिलेला होता. पुराव्याशिवाय काही मानू नये, हे मला शिकवणारे गृहस्थ समोर उभे होते. आई मध्येच पेढ्यांचे ताट घेऊन आली. तिने माझ्याकडे पाहिले नाही, त्यावरून तिलाही ठाऊक असल्याचे कळले.

"मग काम मला का करू दिलंत?"

"तुझ्यासारखं नेटकं इथं कोण करणार होतं?" बाबांनी हे कौतुकाने म्हटले.

दादाने जीप काढली. वळणावर त्याने ब्रेक मारला. गाडी सरळ रेषेत थांबली, कुठल्याच बाजूला ओढली गेली नाही. न पाहायचे ठरवूनही मी ते पाहिले.

दिवाळीनंतर त्याचा फोन आला. मी पेडगावच्या फाट्यावर, पाण्याच्या बाटल्यांची पिशवी सांभाळत एसटीची वाट पाहत होते.

"ब्रेक धरून बसलाय. चाकं तापायलीत."

"काय ओतलंस?"

"तेल कमी दिसलं, म्हणून जरासं इंजिनचं."

मी सांगितले, की गाडी जागची हलवू नको. रबरे सगळी गेली, ती बदलावी लागतील आणि नळ्या पुन्हा धुवाव्या लागतील. मग बाबांनी फोन घेतला.

"रविवारी येतीस का? पेडल दाबायला मी बसतो."

त्यांचा आवाज अगदी नेहमीसारखा होता. त्या दिवसाबद्दल आम्ही अजून बोललो नव्हतो. ते 'मागून' काही आले नव्हते.

"मिस्त्री बोलवा, बाबा," मी म्हणाले. "आन् त्याला स्पिरिट वापरायला सांगा."

समोरून एसटी येत होती. मी बाटल्या उचलल्या.