टाकीचे तीन पाय

हिंदमाताच्या साडीवाल्याने माझ्यासमोर चार साड्या उलगडल्या आणि विचारलं, "साहेब, यातली कुठली?"

मी म्हणालो, "तिसऱ्या पायाची."

तो बिचारा खरंच साड्यांकडे वाकून बघायला लागला. बायकोने माझ्याकडे बघितलं. तिच्या भाचीच्या लग्नाच्या आहेराच्या साड्या घ्यायच्या होत्या, आणि मी तासभर नुसता चपलांत पाय घालत होतो, काढत होतो.

धंदा माझा टाक्यांना वजनकाटे बसवण्याचा. टाकीच्या प्रत्येक पायाखाली एक माउंट बसवायचं, म्हणजे दोन जाड पट्ट्या आणि मध्ये लोडसेल, वजन ओळखणारा पोलादी ठोकळा. मग टाकी स्वतःच काटा होते. टाकीवर वेल्डिंग करायचं असलं की माउंटच्या बोल्टवरचा नट वर चढवून टाकी त्यावर तोलून धरतात, लोडसेलला त्रास नको म्हणून. काम झालं की नट खाली उतरवायचा. विसरलात, तर टाकी बोल्टवर टेकून राहते आणि काटा उरलंसुरलं वजन सांगतो.

त्या सकाळी लालबागच्या एका सरबताच्या छोट्या कारखान्यात मी हेच काम करून आलो होतो. शेवटी टाकीला एक ब्रॅकेट वेल्ड करायचा राहिला होता. तिन्ही नट चढवले, वेल्डिंग झालं, उतरवायला लागलो आणि नेमका बायकोचा फोन: "अहो, मी दुकानात पोचले. तुम्ही कुठे आहात?" पहिल्या पायाचा उतरवला, हे पक्कं आठवत होतं. दुसऱ्याचाही. तिसऱ्याचा? निघताना काट्यावर शून्य होतं. पण ते शून्य मीच बटण दाबून आणलं होतं, त्याला काय अर्थ!

आणि चार वाजता नव्या काट्यावर पहिला घाणा होता. तिथे सरबत बनवतात एक मालवणी काका, तीस वर्षं नुसत्या नजरेने. गेल्या हंगामात कोकम दोनदा पातळ झालं, तेव्हा मालक म्हणाले, काकांचं आता वय झालं, काटा बसवा. सकाळी काका मला हळूच म्हणाले होते, "ह्यो काटो बरोबर सांगतलो मां? आता चुकला तर माका घराक पाठवतले."

दुकानातून त्यांना तीनदा फोन केला. मिक्सरच्या आवाजात कुणाला ऐकू जाणार? मालकांनाही करता आला असता. तेवढी हिंमत झाली नाही.

"जरा चहा पिऊन येतो," मी बायकोला म्हणालो.

"पाना घेऊन?" तिने माझ्या पिशवीकडे बोट दाखवलं.

टॅक्सीने लालबाग गाठलं. काका पाण्याच्या व्हॉल्व्हवर हात ठेवून उभे. चेहरा उतरलेला. मला बघून टाकीच्या आतल्या वेल्डच्या सांध्याकडे बोट दाखवत म्हणाले, "ह्या सांध्यापर्यंत पाणी इला म्हंजे तीनशे किलो. इतकी वर्सा बघतंय. तुमचो काटो दोनशे सांगता. भायर जावन मालकांका फोन केलंय, तर म्हणतत, काट्याचाच ऐका."

काट्याचं ऐकून आणखी पाणी सोडलं असतं, तर सरबताचं पाणी झालं असतं आणि बिल काकांवर फाटलं असतं.

मी आडवा होऊन तिसऱ्या पायाखाली घुसलो. नट उतरवलेला होता. दुसऱ्याचाही. पहिल्याचा, ज्याची मला शंभर टक्के खात्री होती, तो पट्टीला घट्ट चिकटून बसला होता.

उतरवला. पाणी सोडून दिलं, रिकाम्या टाकीवर पुन्हा शून्य लावलं, पुन्हा भरलं. पाणी सांध्याला लागलं आणि काटा म्हणाला, तीनशे एक. काका टॉवेलने मान पुसत राहिले. मी तिथूनच मालकांना फोन लावला. "चूक माझी होती. काका बरोबर होते. त्यांनी थांबवलं नसतं तर घाणा गेला असता." मालक पाच मिनिटं बोलले. मी ऐकलं. काका कोकमाचा डबा उघडायला वळले, मी हिंदमाताकडे पळालो.

बायको दुकानाबाहेर पाच पिशव्या घेऊन उभी होती. मी सगळं सांगितलं, मालकांनी काय काय सुनावलं तेही. तेवढंच आपलं मोठेपण!

"मालकांना सॉरी म्हणालात ना?"

"मग! दोनदा."

"आणि काकांना काय म्हणालात?"

मी आठवून बघितलं. "म्हणालो, अंदाज जबरदस्त आहे हं तुमचा."

तिने सगळ्या पिशव्या माझ्या हातात दिल्या आणि रस्त्याकडे वळून टॅक्सीला हात केला.

"बसा," ती म्हणाली. "मी पण येते. तुम्ही काकांकडे जाऊन परत नटबोल्टच बघत बसाल."