मैनेच्या बेचाळीस तारा

सुरतेचं नाव काढलं की लोकांना साड्या आठवतात, जरतार आठवते, फार तर घारी नावाची मिठाई आठवते. भेस्तानची तापी यानदुरुस्ती कंपनी मात्र कुणाला आठवत नाही. अहो, मंगळाच्या फेऱ्या मारून भाजलेली, खरचटलेली, चाळणी झालेली यानं जिथे पुन्हा धडधाकट व्हायची, ती जागा ही! कामरेजच्या पलीकडे मैदानात यान उतरायचं, आठ ट्रॅक्टर लावून ते कडोदऱ्यावरून ओढत आणायचे, आणि मग महिनाभर मालक मगनशेठच्या शेडमध्ये ठोकाठोक चालायची. मुंबईच्या वर्तमानपत्रांना हे दिसलं नाही, तो त्यांच्या डोळ्यांचा दोष.

आणि या कंपनीचं खरं नाक होतं पुष्पाबाई बोरसे.

पुष्पाबाई मूळची शिंदखेड्याकडची. नवरा लोटू यंत्रमागावर, त्याच्याबरोबर ती बासष्ट साली सुरतेला आली आणि स्वतःही मागावर तार जोडायला लागली. जुना ताणा संपला की नव्या ताण्याच्या हजारो तारा त्याला एकेक करून जोडाव्या लागतात. चुलीतली चाळलेली राख चिमटीत घ्यायची, दोन टोकं जुळवायची आणि बोटांनी अशी पिळायची, की सांधा शोधून सापडू नये. पुष्पाबाईचा हात एवढा चालायचा की बघणाऱ्याला बोटं दिसायचीच नाहीत.

यानांवर एक जाड विणलेलं आवरण असे. दगडाच्या धाग्यावर सोनेरी जर गुंडाळून ते विणलेलं असायचं. अवकाशातून हवेत परत शिरताना यान तापून लाल होतं, तेव्हा आतली माणसं वाचतात ती या आवरणामुळे. कारखान्यात त्याला सगळे गोधडी म्हणत. गोधडी फाटली की बाकी कंपन्या अख्खा पट्टा कापून नवा शिवायच्या, आणि शिवण तिथेच उसवायची. मगनशेठ जरीच्या धंद्यातला माणूस. त्याने विचार केला, कापड आहे ना, मग तार जोडणारी माणसं आणा. पासष्ट साली त्याने पुष्पाबाईला आणलं, आणि तेव्हापासून तापी कंपनीची गोधडी कधी उसवली नाही. परदेशी कप्तान येऊन सांध्यावरून हात फिरवायचे आणि विचारायचे, फाटलं होतं कुठे?

एवढं असूनही सहा वर्षं बाई हंगामीच! हुद्दा नाही, काही नाही. शिवाय कंपनीचा एक रिवाज होता. ज्याच्या हातचं काम, त्याने चाचणीच्या उड्डाणाला यानात बसायचं. लोहार बसे, वायरमन बसे. पुष्पाबाईच्या कामासाठी मात्र फोरमन बसायचा, कारण ती बाईमाणूस. हे तिला फार लागायचं. घरी येऊन ती लोटूवर चिडायची, "पीळ मारू मी, आन् वर जाऊन मिशीला पीळ मारी तो!"

एकाहत्तर साली ‘मैना’ नावाचं यान दुरुस्तीला आलं. अकरा माणसांचं यान, आणि उजव्या अंगाला गोधडी वीतभर फाटलेली. तपासणीचे इंजिनिअर अविनाश देवस्थळी, पुण्याचे, शब्द मोजून बोलणारे. त्यांनी पुष्पाबाईला बोलावून सांगितलं, "मैनेची चाचणी नीट झाली की तुम्हाला कायम करायचं ठरलंय. मिस्त्री म्हणून. या कंपनीत पहिल्या बाई मिस्त्री तुम्ही." पुष्पाबाई त्या दिवशी घरी चालत गेली नाही, तरंगत गेली म्हणा.

काम संपत आलं आणि नेमकी आखाजी आली. खान्देशात आखाजी म्हणजे लेकीबाळींचा सण. तिची लेक सासरहून आली होती. पुष्पाबाईने पहाटे उठून तिच्यासाठी सांजोऱ्या तळल्या, साबणाने हात धुतले आणि कारखाना गाठला. राहिलेल्या बेचाळीस तारा दुपारपर्यंत जोडून टाकल्या. दुसऱ्या दिवशी देवस्थळींनी वजन लावून एकेक सांधा ओढून पाहिला. एकही सुटला नाही. यान पास झालं.

चाचणीच्या आदल्या संध्याकाळी पुष्पाबाई सणाच्या गडबडीत तशीच राहिलेली सांजोऱ्यांची कढई घासायला बसली. तेलकट कढईला राख लावली, तर राखेच्या गुठळ्या झाल्या आणि बोटं सटासट घसरायला लागली. तिचा हात तिथेच थांबला. आखाजीच्या दिवशीही राख चिमटीत अशीच गोळा होत होती! तेव्हा तिला वाटलं होतं, राख दमट असेल. नखांच्या कडांना तेल राहिलं होतं, दुसरं काय. तेलाची तार गार असताना घट्ट बसते, वजनालाही दाद देत नाही. पण तापली की?

तिने लोटूला सांगितलं. तो म्हणाला, "साहेबांनी पास करं ना? मंग गप बस. सहा वरीस थांबनी तू, आते एक दिवसासाठे वाटोळं करशी का?"

"आन् ते अकरा जन?" एवढंच ती म्हणाली.

सकाळी सात वाजता ती देवस्थळींच्या टेबलासमोर उभी होती. "साहेब, मैना सोडू नका. बेचाळीस तारा माझ्या हातून बिघडल्यात."

देवस्थळींनी चष्मा काढला. "पुष्पाबाई, मी स्वतः ओढून पाहिल्यात."

"गार होत्या तेव्हा पाहिल्यात तुम्ही."

तेवढ्यात मगनशेठ आला आणि ऐकून भडकलाच. "अरे बेन, शुं वात करो छो! दहा वाजता यान वर जायचंय, कप्तान चहा पिऊन तयार बसलाय, आणि तुम्ही आता सांगता?"

पुष्पाबाईने वाद घातला नाही. जरीच्या दोन तारा घेतल्या, बोटाला तेलाचा थेंब लावला, राख लावली आणि पीळ मारला. जोडलेली तार शेठच्या हातात दिली. "ओढा." शेठने जोर लावून ओढली, सांधा सुटला नाही. मग तिने तोच सांधा वेल्डिंगच्या ज्योतीवर धरला, लाल होऊ दिला आणि चिमट्याने नुसता धक्का दिला. दोन्ही टोकं अलगद वेगळी झाली.

मगनशेठने ती टोकं वाकून पाहिली. मग तो एवढंच म्हणाला, "खोलो. गोधडी खोलो."

पुष्पाबाईने कोपरापर्यंत हात राखेने घासले, गरम पाण्याने धुतले, पुन्हा घासले. मग मैनेच्या उजव्या अंगाला मचाणावर बसली ती उठलीच नाही. कुणी पाणी दिलं तर मानेनेच नाही म्हणाली, हात ओले व्हायला नकोत. खाली कप्तान येरझारा घालत होता, देवस्थळी प्रत्येक सांधा या वेळी ज्योतीवर तापवून ओढत होते. तीन वाजता बेचाळिसावी तार झाली.

फोरमन टोपी चढवून यानाकडे निघाला, तशी पुष्पाबाई आडवी आली. "काम माझ्या हातचं. चूकही माझ्याच हातची. आज मी बसणार."

"बाई, वर जीव घाबरतो," फोरमन म्हणाला.

"मग तुम्ही खालीच थांबा," बाई म्हणाली. सगळी शेड हसली, आणि फोरमनलाही हसावंच लागलं.

देवस्थळींनी चाचणीचा कागद ओढला. बसणाऱ्याचं नाव: पुष्पाबाई लोटू बोरसे. हुद्द्याच्या रकान्यापाशी त्यांनी क्षणभर लेखणी थांबवली, शेठकडे पाहिलं आणि ठळक अक्षरांत लिहिलं, मिस्त्री. शेठने खाली सही ठोकली.

लुगड्याचा काष्टा आवळून पुष्पाबाई मैनेत चढली. उजव्या बाजूच्या खिडकीशी बसली, तिथून गोधडीचा काठ दिसायचा. शेडमागच्या मोकळ्या जागेतून यान वर गेलं. कप्तान दोनदा म्हणाला, "बाई, बाहर देखिए, पूरी धरती दिख रही है." बाई जागची हलली नाही. परत हवेत शिरताना मैना थरथरली, काचेपलीकडे सगळं नारिंगी झालं, मग लाल, मग डोळे दिपतील असं पांढरं. पुष्पाबाई ओठ हलवत मोजत होती. एकेचाळीस, बेचाळीस. पुन्हा एकपासून. लाली ओसरेपर्यंत तिने किती वेळा मोजलं, तिलाच ठाऊक.

मैना कामरेजला उतरली तेव्हा मैदानावर अर्धं भेस्तान लोटलं होतं. लोटू सगळ्यांत पुढे, मागावरून तसाच आलेला, केसांत कापसाचे तंतू. दार उघडलं आणि पुष्पाबाई शिडीवरून सावकाश खाली आली. लोटूला बोलायचं होतं खूप, पण तोंडातून निघालं एवढंच, "तुले काय दिखनं वर?"

"वर देखाले येळ कोनले व्हता?" पुष्पाबाई म्हणाली. "मी तं मन्या बेचाळीस तारा देखत व्हती."

लोटूने मागे वळून जमलेल्या लोकांना तेच वाक्य मोठ्याने सांगितलं. अर्ध्यावर त्याचा आवाज फाटला, म्हणून त्याने पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.