दोरावरची जागा

नियम अजून आला नव्हता. येणार आहे, एवढंच सगळे म्हणत होते, आणि तेवढ्यावर आमच्या वाडीची झोप उडाली होती. मुंबईवर समुद्रातून हल्ला झाला, त्याला वर्ष होत आलं होतं. आता समुद्रात जाणाऱ्या प्रत्येकाला ओळखपत्र लागणार, नेपाळ्यांना ते मिळणार नाही, आणि जो मालक त्यांना कामावर ठेवील त्याची बोट अडकवणार, अशी बोलवा होती. ‘बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी’ म्हणतात ते मी तेव्हा डोळ्यांनी बघितलं.

आमच्या मागच्या पडवीत एक नेपाळी जोडपं राहायचं. तो शेजारच्या ट्रॉलरवाल्याकडे खलाशी होता. बरीच वर्षं झाल्यामुळे मालवणी आमच्यासारखीच बोलायचा, शिव्यांसकट. गावात सगळ्या नेपाळ्यांना बहाद्दूरच म्हणत. आई तेवढी त्याला नावाने हाक मारायची आणि कोणी बहाद्दूर म्हटलं की, ‘तुका कोण कोकणी म्हणान हाक मारता काय?’ म्हणून फटकारायची. त्याची बायको गेल्या वर्षीच आली होती आणि आता तिचे दिवस भरत आले होते. आई बाजारात मासे विकून आली की हातपाय धुण्याआधी तिच्यासमोर पेज नेऊन ठेवायची. माझ्यासाठी अशी पेज कधी आल्याचं मला आठवत नाही.

ट्रॉलरवाला एक दिवस आमच्या दारापुढच्या खळ्यात येऊन बसला. माणूस वाईट नव्हता. मासेमारी सुरू व्हायच्या आधीच सगळ्या नेपाळ्यांना सोडतोय, नियम आला की बघू, असं त्याने खाली मान घालून सांगितलं. बाबांनी विचारलं, मग बोटीवर जाणार कोण? वाडीतली पोरं मुंबईला नाहीतर गोव्याला, माझा भाऊ मस्कतला एका दुकानात. ट्रॉलरवाला चहा प्यायला आणि गेला. सगळ्यांच्या बोटी पाण्यात उतरल्या तरी त्याची माडाच्या झापांखाली किनाऱ्यावरच राहिली. न आलेल्या नियमाने मालकाचंही भलं केलं नाही.

तो येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी नवराबायको ट्रंक भरू लागली. नेपाळपर्यंत आधी ट्रेन, मग बस, मग डोंगराची चढण. आईने ती ट्रंक ओढत आपल्या स्वयंपाकघरात नेली आणि तिच्यावर तांदळाचा डबा ठेवला. मग त्याच्याकडे वळली. “ह्या दिसांत तिका घेवन खंय जातलंस रे?” काम नसताना राहायचं कुठल्या तोंडाने, हा त्याचा प्रश्न होता, आणि तो खरा होता.

नियमाचं खरं काय ते विचारायला बाबा इस्त्रीचा शर्ट घालून एसटीने ओरोसच्या जिल्हा कचेरीत गेले. एरवी कोणाला न जुमानणारे माझे बाबा कचेरीत पुस्तकी मराठीत ‘साहेब, आपण सांगाल तसे’ म्हणतात, ते ऐकलं की मला हसू यायचं. संध्याकाळी परतले ते चिडून. प्रस्ताव विचाराधीन आहे, एवढंच कळलं होतं. म्हणजे काय, असं आईने विचारलं. “गळाक लागलेलो मासो तो,” बाबा म्हणाले. “अजून होडयेत पडूक नाय.”

पण परत येताना त्यांच्या डोक्यात एक गोष्ट आली होती. आमचं घर रापणीतलं. होडी अर्धवर्तुळात जाळं टाकून येते आणि त्याचे दोन्ही दोर माणसं वाळूत उभी राहून ओढतात. प्रत्येक घराची दोरावर एक जागा असते. त्या घराचा माणूस दोराला लागला तरच त्या घराला माशांचा वाटा. भाऊ गेल्यापासून आमच्या जागेवर बाबाच उभे राहायचे, पण त्या वर्षी त्यांच्या गुडघ्यांनी हात टेकले होते. बोटीवर चढायला ओळखपत्र लागेल, वाळूत उभं राहायला कोण विचारतो? आमच्या जागेवर पडवीतला खलाशी उभा राहू दे, असं त्यांनी ठरवलं.

सुरूच्या झाडांखाली रापणकर जमले. मीही मागे जाऊन बसले. माशांचे वाटे पुकारणारे म्हातारे काका सगळ्यांत वडीलधारे. ते म्हणाले, आज उभो रवतलो, उद्या ही जागा आपली म्हणतलो. बाबांचा पारा चढला.

“माझो झील मस्कतात रवता,” ते म्हणाले. “तो थंय कोणाची जमीन आपली म्हणता?”

त्यावर काका म्हणाले की जागा तुझ्या मुलाची आहे, त्याला विचारल्याशिवाय देता येत नाही. रीत तशीच होती, बाबांना मान्य करावं लागलं.

आणि इथे आईनेच पाय मागे घेतला. कारण आदल्याच आठवड्यात भावाने सांगितलं होतं, तिथेही नियम येणार आहे म्हणे, दुकानातली कामं तिथल्याच लोकांना द्यायची. कधी परत यावं लागेल सांगता येत नव्हतं, आणि आला तर त्याला दोरावरची हीच जागा लागणार होती. ट्रंकेवर डबा ठेवणारी माझी आई दोन दिवस त्या बाईच्या डोळ्याला डोळा देईना. पेज मात्र रोज नेऊन ठेवायची. मला तिचा राग आला, आणि तितकीच तिची दयाही आली.

शुक्रवारी भावाला सुट्टी असायची. त्याचा फोन आला तेव्हा बाबांनी सगळं सांगितलं, काकांचं म्हणणंही. आई फोनला कान लावून उभी होती. त्याने आधी विचारलं की पडवीतल्या बाईचे दिवस कधी भरतात. बाबांनी सांगितलं.

“बाबानू, दोर लांब आसा,” तो म्हणाला. “मी इलंय तर तेच्या मागसून उभो रवतलंय. तेका काढू नकात.”

आईने फोन ओढून घेतला, जेवलास का विचारलं, आणि तो बाबांच्या हातात परत दिला. मग ती स्वयंपाकघरात गेली आणि तांदळाचा डबा उचलून ट्रंक परत पडवीत नेऊन ठेवली, कपडे बाहेर काढून.

पुढच्या रापणीला आमच्या जागेवर तो खलाशी उभा राहिला, आणि बांगडा बरा लागला. वाळूत वाटे मांडले, आणि काका एकेका घराचं नाव पुकारू लागले. बाबा माझ्याशेजारी बसले होते. आमच्या घराचं नाव आलं तसे ते सवयीने उठायला गेले. मग माझ्या खांद्यावर हात टेकून परत खाली बसले, आणि तो पुढे गेला.