टिटवीची अंडी आणि पायवाट

आमच्या कॉलेजमागची टेकडी कॉलेजच्याच मालकीची आहे आणि तिची देखभाल माझ्याकडे आहे. उन्हाळ्यातल्या एका सकाळी तिथल्या पायवाटेच्या मधोमध टिटवीची चार अंडी दिसली. अगदी खड्यांसारखी, नकळत पाय पडेल अशी.

टेकडीवरच्या पक्ष्यांवर संशोधन करणारी माझी विद्यार्थिनी रसिका म्हणाली, "सर, ही वाट बंदच करा. कायमची."

मी दोरी बांधत होतो, तेवढ्यात रोज फिरायला येणारे देवधरकाका आले. गुडघ्याच्या ऑपरेशनपासून त्यांना हीच एक वाट झेपते. दोरीपाशी थांबून ते म्हणाले, "पिल्लं निघेपर्यंत थांबतो की मी. पण कायमची बंद केलीत, तर जाऊ कुठे?"

मी रसिकाकडे पाहिलं. ती वहीत बघत होती. मग हळूच म्हणाली, "सर, टिटवीला मोकळी जमीन लागते. बाकी सगळीकडे कमरेएवढं गवत आहे. काका आणि इतर लोक चालतात, म्हणून तर इथे ते वाढत नाही."

म्हणजे ज्या पायांपासून अंडी वाचवायची, त्याच पायांनी टिटवीला जागा करून दिली होती. मी गोंधळलो.

"मग पुढच्या वर्षी काय करायचं?" मी रसिकाला विचारलं.

"आधी टिटवीला अंड्यांवर बसू द्या, सर."

डोक्यावर टिटवी ओरडत घिरट्या घालत होती. आम्ही तिघेही मागे सरलो. बरेच मागे गेलो, तेव्हा ती खाली उतरली आणि अंड्यांवर बसली.