मथुरावहिनीच्या शिंगट्या

कल्याणहून माणूस आला तेव्हा मी कचेरीत टाकाचे टोक पुसत बसलो होतो. माणूस ओळखीचा होता. वहिनीच्या भावाकडे, बापूरावांकडे, तो गाईगुरे बघतो. वहिनी भाच्याच्या मुंजीला गेलेली, आणि याच्या हातात काहीच नाही, तेव्हा मुंजीचे लाडू हा गाडीतच विसरला की काय, असे मला वाटले. मी हसून म्हणालोही, "काय गोविंदा, रिकाम्या हाताने?" तो दाराच्या चौकटीला धरून म्हणाला, "बाईसाहेब गेल्या." मी विचारले, "कुठे गेल्या?"... आज महिना उलटून गेला, पण त्याचे ते तोंड आणि माझा तो मूर्ख प्रश्न डोळ्यांपुढून हलत नाही. खरे सांगायचे तर त्या प्रश्नाचे उत्तर अजून मला पटलेलेच नाही. गोविंदा येण्याच्या चार दिवस आधी जी बाई पायरीवर उभी राहून मला माशांच्या पाण्याबद्दल बजावत होती, ती जाईल कुठे?

पटकी झाली होती. आदल्या दिवशी सकाळी ती माजघरात बसून लाडू वळत होती, दुपारी आडवी झाली आणि दिवेलागणीपर्यंत संपली. घरात पन्नास माणसे जेवलेली, त्यांपैकी कुणाला काही झाले नाही. मी पोचलो तेव्हा नदीवरचे सगळे आटोपले होते. बापूराव ओसरीवर बसले होते, मांडवाची तोरणे अजून तशीच. मला बघून ते उठले आणि म्हणाले, "विनायकराव, काल सकाळी मी तिला म्हटलं, ताई, लाडू लहान होतायत. तर मला म्हणते, तुझ्या मुलाच्या तोंडाएवढेच करतेय." एवढेच बोलले आणि परत खाली बसले. मला रडू आले नाही. हातातली छत्री कुठे ठेवावी हे मात्र कितीतरी वेळ सुचेना.

मथुरावहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. दादाचे लग्न झाले आणि दुसऱ्या वर्षी तो तापाने गेला. वहिनी तेव्हा अगदी पोरसवदा होती, माझ्याच वयाची. त्या दिवसापासून आमच्या ठाण्याच्या घरात ती मागच्या खोलीत राहिली आणि पुढच्या सगळ्या घराचे काम करीत राहिली. आमचे घर मासळी खाणारे. मासळी तीच साफ करायची, तीच शिजवायची, आणि स्वतः एकवेळ वरणभात जेवायची. रीतच तशी, त्यामुळे आमच्यापैकी कुणाला त्यात वावगे वाटत नसे. तिला काय वाटत होते ते तिने कधी सांगितले नाही.

तिची आणि माशांची दुसरी ओळख झाली ती एका काचेच्या पेटीमुळे. पुलाच्या कामावरचा एक इंजिनियर साहेब बदली होऊन निघाला तेव्हा त्याने बरेचसे सामान वाटून टाकले. लोखंडी चौकट, तळाला दगडी फरशी आणि चारी बाजूंना काच, अशी एक पेटी कुणी घेईना, म्हणून पुस्तकांना वाळवीपासून जपायला मी ती हमालाकडून घरी आणली. वहिनीने विचारले, "भाऊजी, ही कशाची?" मी सांगितले की मडमेने हिच्यात पाणी भरून तांबडे मासे ठेवले होते, पोहताना बाजूने दिसायचे. वहिनी पेटीच्या काचेवर बोट टेकवून उभी राहिली आणि म्हणाली, "मी जिवंत मासा असा कधी बघितलाच नाही हो. ताटात, नाहीतर विळीवर." पुस्तके गेली परत फडताळात. पेटी मागच्या खोलीत, खिडकीच्या बाजूला, ऊन थेट पडणार नाही अशी बसवली.

आई भडकली. "चार लोक काय म्हणतील? खायचं सोडलं तरी जीव मासळीतच अडकलाय म्हणतील!" वहिनी काही बोलली नाही. तिचे न बोलणे म्हणजे हो नव्हे, हे आम्हाला त्या वर्षी पहिल्यांदा कळले. पेटी गळत होती. सुताराकडून खडू आणि जवसाचे तेल मळून लुकण करून घेतले आणि काचेच्या सांध्यांत भरले. ते वाळायच्या आत आम्ही उतावळेपणाने पाणी भरले, मासे सोडले, आणि दुसऱ्या दिवशी सगळे मासे उलटे तरंगत होते. पाण्यावर तेलाचा तवंग. मग वहिनीने किती वेळा ती पेटी भरून रिकामी केली याला गणती नाही. खाडीची वाळू खारट, म्हणून बापूरावांनी कल्याणहून नदीची वाळू धाडली. तीही तिने तांदळासारखी धुतली, पाणी नितळ निघेपर्यंत. तळ्यातले शेवाळ आणले, फुटक्या मडक्याची खापरे पालथी घातली, आणि बांबूचे दोन तुकडे आडवे ठेवले, माशांना लपायला.

मासे आणून द्यायची मार्था. ही माजिवड्याकडची ख्रिस्ती बाई, शेतातले आणि ओढ्यातले मासे घेऊन आमच्या आळीत यायची. तिच्या टोपलीत कधी कधी बोटभर लांबीच्या शिंगट्या असत. अंगावर खवले नाहीत, रुपेरी कांती, तिच्यावर डोक्यापासून शेपटीपर्यंत काळसर रेघा, आणि तोंडाभोवती लांब मिशा. मार्थाने त्या मडक्यात जिवंत आणल्या तेव्हा वहिनी हात घालायला गेली. मार्था ओरडली, "बाय, हात नको घालू, काटा मारतंय ते!" मग कमरेवर हात ठेवून म्हणाली, "खायचे नाय, तर पालतेस कशाला?" वहिनी म्हणाली, "बघायला." मार्थाला ते इतके गमतीचे वाटले की पुढे दर खेपेला ती खोलीत डोकावून "बगून झाले का?" असे विचारूनच जायची.

बाकीचे मासे जगले नाहीत, शिंगट्या जगल्या. दिवसा खापरांखाली तोंड खुपसून बसायच्या आणि तिन्हीसांजेला बाहेर पडून मिशांनी वाळू चाचपत फिरायच्या. त्या वेळी वहिनी खाली बसून बघत राही. एकदा मला हाक मारली. सगळ्यात मोठा नर बांबूच्या नळीतून अर्धा बाहेर येऊन थांबला होता. "भाऊजी, तुमचे मामलेदारसाहेब असेच बसतात का हो कचेरीत?" आणि तोंडाला पदर लावून हसली. अगदी मामलेदारच होता तो, मिशांसकट. दादा गेल्यापासून वहिनी हसलेली मला आठवत नव्हती. मी तिच्याकडे बघतच राहिलो, तेव्हा ती एकदम गप्प झाली.

तिने मनात घेतले होते की यांची पिल्ले व्हावीत. गेल्या पावसाळ्यात माद्यांची पोटे फुगली, एका सकाळी शेवाळावर साबुदाण्याहून बारीक अंडी चिकटलेली दिसली, आणि दुपारपर्यंत ती शिंगट्यांनीच खाऊन टाकली. वहिनी त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या वेळी तिने मोठे मासे लगेच काढून हंड्यात ठेवले, तर अंड्यांवर कापसासारखी बुरशी धरली. मी म्हटले, "जाऊ द्या वहिनी, बंद पेटीत कुठे होतात का पिल्लं!" ती म्हणाली, "बंद खोलीत माणसं राहतात की." तिने हे मला टोमणा म्हणून म्हटले नव्हते, आणि म्हणूनच ते मला लागले.

या वर्षी ज्येष्ठ लागला आणि वहिनीने नवेच काढले. पाऊस पडला की शेतात मासे चढतात आणि अंडी घालतात, असे मार्था सांगायची. मग पाऊस येईपर्यंत थांबायचे कशाला? तिने तळाला भोक पाडलेले मडके पेटीवर टांगायचे ठरवले. आई हे बघून धावतच आली. "गळकं मडकं घरात टांगतेस? अगं, ते कुणी गेलं की टांगतात, कळतं का तुला!" वहिनीने मडके मुकाट्याने उतरवले. आई गेली, आणि थोड्या वेळाने परत आली ती हातात जुनी पिठाची चाळण घेऊन. "ही घे. आता पिठाला नको मला." एवढे बोलून, मागे न बघता निघून गेली. तेव्हापासून रोज संध्याकाळी वहिनी एका हातात चाळण आणि दुसऱ्या हातात लोटा घेऊन पेटीवर पाऊस पाडायची. खोलीतून पाण्याची बारीक रिपरिप ऐकू यायची. पुढे पुढे वहिनी लोटा ओतायची आणि चाळण आई धरायची. मी दारातून बघायचो आणि पाय न वाजवता परत फिरायचो.

आणि अंडी झाली. मोठे मासे काढले, रोज निम्मे पाणी बदलले, खराब अंडी वहिनी काडीने एकेक वेचून टाकी. मग एका सकाळी काचेजवळ बारीक, काचेसारख्याच पारदर्शक अशा काही रेषा हलताना दिसल्या, प्रत्येकीला दोन काळे ठिपके. डोळे होते ते. वहिनीने माझा हात धरून मला खाली बसवले. तिने माझा हात धरला अशी ती पहिली वेळ, आणि शेवटची. "रेघा नाहीत हो यांच्या अंगावर. कधी येत असतील?" मला कुठून ठाऊक असणार! मार्थाला विचारले तर ती म्हणाली, एवढी लहान पोरे तिने कधी बघितलीच नाहीत.

त्याच आठवड्यात बापूराव मुंजीचे बोलावणे घेऊन आले. वहिनी जायला तयार नव्हती. मंगलकार्यात आपण कशाला, हे तिचे नेहमीचे. आणि यंदा पिल्लेही होती. बापूराव हिरमुसले होऊन उठायला लागले, तेव्हा आतून आई आली आणि म्हणाली, "जा. मुलाची आत्या आहेस तू. तू नाही तर कोण जाणार?" वहिनीने मान वर करून तिच्याकडे बघितले. इतक्या वर्षांत आईने तिला कुठल्या शुभकार्याला जा म्हटलेले नव्हते. "आणि या पिल्लांचं?" "विनू आहे, मी आहे. आम्ही काय हात बांधून बसणार आहोत?"

निघताना पायरीवर उभी राहून तिने मला सगळे समजावले. गवत भिजवलेली बरणी उन्हात आहे, तिच्यातले गढूळ पाणी सकाळ-संध्याकाळ चमचाभर घालायचे. त्यात डोळ्यांना न दिसणारे जीव असतात, तेच पिल्लांचे खाणे. विहिरीचे पाणी एकदम ओतायचे नाही. "आणि भाऊजी, रेघ आली तर निरोप धाडा. मुंज टाकून येईन." मी म्हटले, "वहिनी, चार दिवसांत काय होतंय!"

चार दिवसांत काय होते...

कल्याणहून परतलो तेव्हा आई ओसरीवर उभी होती. गोविंदाने घरी निरोप पोचवला होताच. मला वाटले आई आक्रोश करील. तिने फक्त विचारले, "मी पाठवलं ना रे तिला?" मी म्हटले, "आई, असं काही बोलू नकोस." ती म्हणाली, "जन्मभर जाऊ दिलं नाही. आणि एकदा जा म्हटलं." माझी बायको बाळंतपणाला माहेरी गेलेली, घरात आम्ही दोघेच. मी यंत्रासारखा बरणीतले पाणी पेटीत घालत होतो. दहावे झाले, तेरावे झाले, आळीतली माणसे येऊन गेली. "वाईट झालं, पण सुटली बिचारी," असे कुणी म्हणाले की मला त्या माणसाच्या तोंडाकडे बघवत नसे. कशातून सुटली? तिला तर आता कुठे काही धरायला मिळाले होते.

काही पिल्ले मेली, बरीचशी जगली. बरणीतले पाणी संपले तेव्हा आईने न सांगता दुसरे गवत भिजवले. मागच्या खोलीत आम्ही दोघे आलटून पालटून जायचो, पण एकमेकांना सांगून नाही. पाऊस सुरू झाला, खोलीत उजेड कमी झाला, आणि त्या उजेडात पेटीतले काही धड दिसत नसे.

परवा सकाळी उघडीप होती. मी अंगणात तोंड धूत होतो. मागच्या खोलीतून आईची हाक आली, मोठ्याने, आनंदाने, कित्येक वर्षांत ऐकली नव्हती अशी. "मथुरा! अगं मथुरा, लवकर ये, रेघ आली बघ यांना!"

मग आवाज थांबला.

मी आत गेलो. आई पेटीपुढे उभी होती, एक हात दाराकडे केलेला, हाक मारताना करतो तसा. तो हात तिने खाली घेतला नाही. काचेमागे खापराच्या कडेला नखाएवढ्या शिंगट्या होत्या, प्रत्येकीच्या कुशीवर धाग्यासारखी एक काळी रेघ. आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "ती येणार होती ना रे, रेघ आली की?"

मी तिच्याजवळ जमिनीवर बसलो. थोड्या वेळाने तीही बसली.